कॅम्पनीलवरची रिकामी जागा: बर्कलीच्या बहिरी ससाण्यांचा 2022चा विणीचा हंगाम

31 मार्च 2022 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या मध्यवस्तीत एक बहिरी ससाणा मरून पडलेला सापडला. बहुधा गाडीची धडक बसली होती. पायात रिंग होती, त्यामुळे ओळख पटली: हा ग्रिनेल. तिथून जवळच, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पनील या घड्याळाच्या मनोऱ्यावर त्याची मादी ॲनी अंडी सांभाळत होती आणि तिच्यावर रोखलेल्या वेबकॅमवरून हजारो लोक तिला बघत होते. बघणाऱ्यांपर्यंत बातमी पोचली होती. ॲनीच्या बाजूने बघायचं तर नर शिकारीला गेला होता आणि अजून परतला नव्हता, एवढंच.

पुढच्या काही तासांतच मनोऱ्यावर दुसरा नर दिसू लागला. लवकरच तो अंड्यांवर बसू लागला. ज्या अंड्यांची सुरुवात ग्रिनेलपासून झाली होती ती त्याने उबवली, ॲनीला शिकार आणून दिली, हद्द राखली. 6 मे रोजी दोन पिल्लं बाहेर आली आणि जूनमध्ये ती उडाली.

त्या दिवसांत या घटनेबद्दल जे लिहिलं-बोललं गेलं त्यात विरह होता, निष्ठा होती, 'इतक्या लवकर दुसरा?' असा रागही होता. हे सगळं समजण्यासारखं आहे. महिनोन्महिने घरट्याच्या एका पेटीकडे बघत राहिल्यावर त्या पक्ष्यांशी नातं जडतंच, माझंही जडलं. पण या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती, असं मला विचारलं तर मी एकच सांगेन: जागा रिकामी किती वेळ राहिली ते बघा. काही तास. हा आकडा त्या दोन पक्ष्यांपेक्षा कितीतरी मोठ्या गोष्टीबद्दल बोलतो.

जागा

बहिरी ससाणा काड्या जमवून घरटं बांधत नाही. उंच कड्यावरच्या कपारीत, वाळू-खडी असलेल्या जागी छातीने आणि पायांनी उकरून तो एक उथळ खळगा करतो, अंडी त्यातच. उंची, समोर मोकळं आकाश, खाली भरपूर पक्षी आणि अंडं घरंगळणार नाही अशी थोडी खडी, एवढंच त्याला लागतं. कॅम्पनील सुमारे 94 मीटर उंच आहे. ससाण्याच्या नजरेतून तो एक उत्तम कडा आहे, फक्त खडीची वानवा. खडी भरलेली लाकडी पेटी वर ठेवून ती उणीव भरून काढली गेली.

ॲनी आणि ग्रिनेल तिथे 2016च्या अखेरीस आले आणि 2017पासून दर वर्षी पिल्लं वाढवू लागले. 2019 साली कॅमेरे बसले. त्यांची नावं विद्यापीठाच्याच पृष्ठवंशी प्राणी संग्रहालयावरून आली: ॲनी अलेक्झांडर या बाईंनी 1908 साली ते संग्रहालय उभं केलं आणि जोसेफ ग्रिनेल त्याचे पहिले संचालक. नर ग्रिनेल 2013 साली जवळच्याच मार्टिनेझमध्ये जन्मला होता आणि पिल्लू असतानाच त्याला रिंग घातली गेली होती. ॲनीच्या पायात रिंग नव्हती. ती कुठून आली ते तिच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, तिला ओळखायचं ते चेहऱ्यावरच्या आणि छातीवरच्या खुणांवरून.

हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. पडद्यावर दिसणारा पक्षी 'आपलाच' आहे असं आपण गृहीत धरून चालतो. खरं तर ते दर वेळी तपासून घ्यावं लागतं.

आधीचा हिवाळा

मार्चमधली घटना अचानक आभाळातून कोसळली नव्हती. 29 ऑक्टोबर 2021 रोजी ग्रिनेल बर्कलीत जखमी अवस्थेत सापडला. चोच आणि पंख दुखावले होते. जखमा दुसऱ्या ससाण्यांशी झालेल्या मारामारीच्या असाव्यात. वन्यजीव रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि 17 नोव्हेंबरला त्याला सोडलं. मधल्या काळात ॲनीजवळ दुसरा एक नर वावरत होता. ग्रिनेल परत आला आणि त्याने जागा पुन्हा मिळवली.

मग फेब्रुवारीच्या शेवटी ॲनीच दिसेनाशी झाली. विणीच्या तोंडावर मादी इतके दिवस गायब राहते तेव्हा ती मेली किंवा हुसकावली गेली असं मानणं वावगं नाही, आणि अनुभवी निरीक्षकांनी तसं जाहीरही केलं. मार्च सुरू होता होता ती परत आली.

या दोन्ही प्रसंगांकडे बघताना लोकांचं लक्ष जोडीवर होतं. मला वाटतं ते तिसऱ्याकडे जायला हवं होतं. ग्रिनेलला जखमी करणारे कोण होते? ॲनीजवळ आठवड्याभरात उभा राहणारा नर कुठून आला? मनोऱ्याभोवती, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, जागेवर डोळा ठेवून असलेले ससाणे फिरत होते. पक्षी अभ्यासक त्यांना 'फ्लोटर' म्हणतात: वयात आलेले, विणीला तयार, पण जागा न मिळालेले पक्षी. ते गाजावाजा करत नाहीत, गणतीत सहज येत नाहीत. जागा रिकामी झाली की मात्र ते असतात हे कळतं.

अंड्यांचा हिशोब

ससाण्याची मादी एकदम सगळी अंडी घालत नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक, अशी साधारण तीन-चार. आणि पहिलं अंडं पडलं की लगेच उबवायला बसत नाही. ती त्यावर उभी राहते, ऊन-वारा अडवते, पण सलग ऊब देत नाही. शेवटून दुसरं अंडं आलं की खरी बैठक सुरू होते. याचा फायदा असा की पिल्लं जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात आणि सगळ्यात धाकटं फार मागे पडत नाही.

2022 मध्ये ॲनीने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अंडी घालायला सुरुवात केली. म्हणजे ग्रिनेल मेला तो क्षण नेमका या दोन टप्प्यांच्या सांध्यावर येतो. अंड्याचं फलन ते बाहेर पडण्याच्या आधी झालेलं असतं, त्यामुळे त्याच्या हयातीत घातलेली अंडी त्याचीच. पण उबवणीचे जवळपास सगळे दिवस, साधारण पाच आठवडे, त्याच्या मृत्यूनंतरचे. 6 मे पासून पाच आठवडे मागे मोजले की आपण 1 एप्रिलला पोचतो.

हे पाच आठवडे एकट्या मादीच्या हातचे नाहीत. रात्री तीच बसते, दिवसाही जास्त वेळ तीच, पण शिकार नर आणतो. तो मनोऱ्याजवळ येऊन हाक देतो, ती उठते, दुसरीकडे जाऊन खाते, आणि तेवढा वेळ तो अंड्यांवर बसतो. नर नसेल तर मादीसमोर दोनच वाटा: उपाशी बसायचं, नाहीतर अंडी उघडी टाकून शिकारीला जायचं. एप्रिलच्या गार हवेत अंडी थोडा वेळ उघडी राहिली तरी चालतात. रोज तासन् तास राहिली तर आतला जीव टिकत नाही. माणसांनी वर जाऊन खाऊ घालणं हाही उपाय नव्हता. मनोऱ्यावर माणूस चढला की मादी अंडी सोडून त्याच्या अंगावर धावणार, म्हणजे मदतीनेच उबवणी मोडणार.

नवा नर

त्याच्या पायात रिंग नव्हती. लोकांकडून मतं मागवून त्याला आल्डन हे नाव दिलं गेलं. आल्डन मिलर हे जोसेफ ग्रिनेल यांचे विद्यार्थी आणि संग्रहालयाचे पुढचे संचालक, त्यामुळे नाव चपखल बसलं.

उबवणीतली पाळी बदलताना एकदा नीट बघण्यासारखं आहे. आलेला पक्षी पेटीच्या काठावर उभा राहतो, मान खाली घालतो, 'ईचप्, ईचप्' असा तुटक आवाज काढतो. बसलेला उठतो. मग आलेला पाय टाकत अंड्यांकडे जातो, आणि इथे डोळे पायांवर ठेवा: कबुतराच्या अंगात रुतणाऱ्या त्या नख्या त्याने आत वळवून मूठ बंद केलेली असते. मुठींवर चालत तो अंड्यांच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवतो, पुढे झुकतो, छातीची पिसं फुलवतो आणि डावी-उजवीकडे डुलत हळूहळू खाली बसतो. उघडी, रक्ताने गरम असलेली त्वचा अंड्याला टेकली पाहिजे, म्हणून ते डुलणं. नर आकाराने मादीपेक्षा साधारण एक तृतीयांश लहान असतो. चार अंडी असतील तर त्याला ती पोटाखाली सगळी सामावताना कसरत करावी लागते, एखादं अंडं बाजूने डोकावत राहतं.

हे सगळं आल्डनने दुसऱ्याच्या अंड्यांसाठी केलं. का केलं असेल?

त्याला फसवलं गेलं असं म्हणायची गरज नाही, आणि त्याने मोठं मन दाखवलं असंही. ससाण्याच्या आयुष्यात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे चांगली जागा. उंच, सुरक्षित, खाली कबुतरं, जवळ समुद्राची खाडी, आणि त्यावर आधीच बसलेली, वर्षानुवर्षं पिल्लं वाढवलेली मादी. अशी जागा मिळवायची तर तिथल्या मादीने स्वीकारलं पाहिजे. ती विणीच्या ऐन भरात असताना तिच्याशी जुळवून घेण्याचा रस्ता एकच आहे: ती ज्यात गुंतली आहे त्यात उतरायचं. अंडी समोर दिसली आणि मादी उठली की बसायचं, ही ओढ नराच्या शरीरात त्या दिवसांत भिनलेली असते. या हंगामात त्याच्या वाट्याला कमी आलं तरी पुढच्या हंगामाचा दावा मजबूत झाला. ॲनीच्या बाजूनेही तेच. ससाण्यांची जोडी पुष्कळदा आयुष्यभर टिकते, हे खरं. पण ती टिकते त्यात जागेचा वाटा फार मोठा असतो. दोघंही जागेला धरून असतात, म्हणून एकमेकांना धरून असतात.

हे कोरडं वाटेल. मला ते कोरडं वाटत नाही. पाच आठवडे मुठी वळून अंड्यांवर बसणारा पक्षी मी बघितला आहे. त्याला माणसांच्या गोष्टीतलं पात्र न करताही त्याच्याविषयी आदर वाटू शकतो.

पन्नास वर्षांपूर्वी ही जागा रिकामीच राहिली असती

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी सगळीकडे सुरू झाली. किड्यांतून छोट्या पक्ष्यांत, छोट्या पक्ष्यांतून ससाण्यात, असं ते साठत गेलं. त्यापासून बनणारं डीडीई हे रसायन मादीच्या शरीरात अंड्याच्या कवचावर कॅल्शियम चढण्याच्या कामात अडथळा आणतं. कवच पातळ झालं आणि उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडी फुटू लागली. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ या अभ्यासकांनी 1967 साली हे दाखवून दिलं, आणि पुराव्याला उपयोगी पडली ती जुन्या संग्रहातली अंडी: कवचाची जाडी 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात एकदम घसरलेली दिसत होती. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला वीण करणारा बहिरी ससाणा उरला नाही. कॅलिफोर्नियात 1970च्या सुमारास हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या होत्या.

अमेरिकेत 1972 साली डीडीटीवर बंदी आली. पक्षी अभ्यासक टॉम केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 साली 'पेरेग्रीन फंड' (पेरेग्रीन म्हणजे बहिरी ससाणाच) ही संस्था उभी करून पिंजऱ्यात ससाणे वाढवायला आणि सोडायला सुरुवात केली; कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या संशोधकांच्या गटाने तेच काम केलं, कड्यांवरची पातळ कवचाची अंडी काढून आणून ती यंत्रात उबवली आणि पिल्लं परत नेऊन ठेवली. 1999 साली ससाण्याचं नाव अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून वगळलं गेलं.

आता 31 मार्च 2022 कडे परत बघा. 1970 साली एखाद्या मादीचा नर मेला असता तर? विणीला तयार, बिनजोडीचा नर शेकडो किलोमीटरांत नसता. अंडी थंड पडली असती, पुढच्या वर्षीही कदाचित कोणी आलं नसतं. संख्या सुधारते तेव्हा आधी चांगल्या जागा भरतात. त्या भरल्यावर जादा पक्षी कडेला साठू लागतात, आणि मगच हद्दीवरून मारामाऱ्या होतात, नर जखमी होतात, माद्या हुसकावल्या जातात, मेलेल्याची जागा काही तासांत भरते. ग्रिनेलच्या जखमा, ॲनीचं ते नाहीसं होणं आणि आल्डनचं झटपट येणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच कारणाचे ते तीन परिणाम आहेत, आणि कारण आनंदाचं आहे. ज्या लोकांना 'इतक्या लवकर दुसरा?' म्हणून वाईट वाटलं, त्यांना मला हेच सांगावंसं वाटत होतं.

पिल्लं

अंडं फुटण्याआधी त्यावर चांदणीसारखी एक बारीक भेग दिसते. तिथून पिल्लू पूर्ण बाहेर यायला एक ते तीन दिवस लागू शकतात. या काळात काही होत नाहीसं वाटून बघणारे घाबरतात. घाबरू नये, आत पिल्लू चोचीवरच्या छोट्या दाताने कवच गोलाकार कापत असतं आणि मधे मधे दमून झोपतं.

बर्कलीची दोन पिल्लं अशीच आली. त्यांना लिंडसे आणि ग्रिनेल ज्युनियर ही नावं मिळाली. पहिलं नाव ग्रिनेलवर उपचार करणाऱ्या वन्यजीव रुग्णालयाच्या नावावरून. पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून मादी त्यांच्यावर बसूनच असते आणि नर शिकार आणतो, बहुतेक वेळा पिसं उपटून, डोकं काढून. मादी नखभर तुकडे तोडून, मान तिरकी करून, चोचीच्या कडेने पिल्लाच्या तोंडात देते. वाटा सारखा होतो का? होत नाही. जे जास्त ताणून तोंड उघडतं त्याला आधी. पण भरल्या पोटी पिल्लू आपोआप गळून पडतं आणि दुसऱ्याचा नंबर लागतो. गळ्याखालची पोटळी फुगलेली दिसली की समजावं, याचं झालं. तीन आठवड्यांत वजन जन्माच्या वेळेपेक्षा दहापटीहून जास्त होतं, पांढऱ्या लवेतून पिसांच्या गडद नळ्या डोकावतात, आणि पाय अंगापेक्षा मोठे दिसतात. साधारण सहाव्या आठवड्यात ती उडतात, नर पिल्लं थोडी आधी, कारण ती हलकी.

उडणं हा सगळ्यात धोक्याचा दिवस. 2017 साली याच मनोऱ्यावरून उडालेली लक्स ही पिल्लू-मादी काचेवर आपटून मेली. आणि पहिलं वर्ष पार करणारे ससाणे निम्म्याहून कमीच. वेबकॅमचा हंगाम पेटी रिकामी झाली की संपतो, पक्ष्याची खरी परीक्षा तिथून पुढे.

कॅमेरा काय सांगतो

कॅमेरा पेटी दाखवतो. ग्रिनेलचा अपघात, ऑक्टोबरमधली मारामारी, ॲनी कुठे होती तो आठवडा, आल्डनने केलेली शिकार: निर्णायक असं जवळपास सगळं चौकटीबाहेर घडलं. म्हणून पेटीकडे बघताना बाहेरच्या खुणा शोधायच्या. मादी वारंवार मान वर करून एकाच दिशेला बघते आणि कर्कश ओरडते, तेव्हा वर कोणीतरी परका आहे. नर रिकाम्या पायांनी परत परत येतो, तेव्हा शिकार साधत नाही. आणलेलं भक्ष्य अर्धवट खाल्लेलं, वाळलेलं असेल तर ते मनोऱ्याच्या एखाद्या कोपऱ्यात दडवून ठेवलेल्या साठ्यातलं आहे. प्रत्येक वेळी पाय बघावेत, रिंग आहे की नाही. आणि लिहून ठेवावं: वेळ, कोण, काय आणलं, किती वेळ अंडी उघडी राहिली. 'आज ॲनी उदास होती' हे वाक्य दहा वर्षांनी कोणाच्या उपयोगाचं नाही. 'पाळी बदलली, नर बसला, रिंग नाही' हे आहे.

जोसेफ ग्रिनेल यांनी आपल्या विद्यार्थ्यांना रोजच्या रोज, तारीख-जागेसह नोंदी करायला लावल्या. 1910 साली त्यांनी लिहिलं की या संग्रहाची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल. झालंही तसंच: त्यांच्या वह्या घेऊन संशोधक कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात पुन्हा त्याच जागी गेले आणि 2008 साली त्यांनी दाखवलं की तिथले अनेक छोटे सस्तन प्राणी आता अधिक उंचावर सरकले आहेत. कॅम्पनीलच्या पेटीवर रोखलेल्या कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्यालाही त्याच शिस्तीने नोंदी करता येतात.

आल्डन नोव्हेंबर 2022 मध्ये दिसेनासा झाला. त्याच हिवाळ्यात ॲनीजवळ नवा नर आला. ॲनी अलेक्झांडर यांच्या सोबती लुईस केलॉग यांच्यावरून त्याचं नाव लू ठेवलं. 2023 च्या हंगामात त्या दोघांनी त्याच पेटीत तीन पिल्लं वाढवली.